नवं टूल, जुनी सरासरी

31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बुलडाणा जिल्ह्यातले दोनच तालुके त्या यादीत होते, बुलडाणा आणि लोणार. लोणारच्या शिवेला शीव लागून असलेला मेहकर तालुका नव्हता. पुढच्याच महिन्यात राज्यातल्या आणखी सुमारे हजार महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. त्यासाठी कसोटी वेगळी होती: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरहून कमी. पावसाळा तोच होता, शेतंही तीच होती. मोजण्याची रीत आणि मोजण्याचं एकक बदललं, आणि यादी बदलली.

डेटा ॲनालिस्टच्या कामात हाच प्रसंग लहान प्रमाणात येत राहतो. कंपनीत वरून निरोप येतो की आता टॅब्लो बंद, सगळे रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये न्या. कधी उलट निरोप येतो, कधी दोन्ही सोडून लुकर, क्लिक किंवा झोहो. आकडे तेच असतात, डेटाबेस तोच असतो, तरी नव्या डॅशबोर्डवरचा आकडा जुन्याशी जुळत नाही. मग बैठकीत कोणीतरी विचारतं, “खरा कुठला?” या प्रश्नावर लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक टूलच्या तुलनेच्या अंगाने: कुठल्याचे आलेख देखणे, कुठलं स्वस्त, कुठलं मोठ्या डेटावर दमत नाही. माझ्या मते ती तुलना दुय्यम आहे. आलेख कुठेही काढता येतात. खरं हलवायचं असतं ते जुन्या टूलच्या पोटात दडलेले हिशेबाचे नियम, आणि ते नियम बहुतेक ठिकाणी कोणी कधी लिहून ठेवलेले नसतात.

टूल बदलण्याची वेळ येते तरी का? क्वचितच ॲनालिस्टच्या इच्छेने. 2007 या एका वर्षात ओरॅकलने हायपेरियन, एसएपीने बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि आयबीएमने कॉग्नॉस घेण्याचे सौदे जाहीर केले. त्या तीन टूलवर ज्यांची वर्षं गेली होती, त्यांना एका वर्षात नवे मालक मिळाले. मग 2019 च्या जून महिन्यात गुगलने लुकर 2.6 अब्ज डॉलरना आणि सेल्सफोर्सने टॅब्लो 15.7 अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. मालक बदलला की किमती बदलतात, परवान्याची रचना बदलते, आणि हिशेब तपासणारा विचारतो, “हेच दुसरीकडे कितीला पडेल?” पॉवर बीआय 2015 च्या जुलैत सर्वांसाठी खुलं झालं ते माणशी महिन्याला दहा डॉलरच्या आतबाहेर. त्याच्या प्रो परवान्याची किंमत एप्रिल 2025 मध्ये 14 डॉलर झाली, तरी टॅब्लोचा रिपोर्ट बनवणाऱ्याचा परवाना यादीभावाने 75 डॉलर होता. शिवाय ज्या ऑफिसात एक्सेल आणि आउटलुक आधीच मायक्रोसॉफ्टचं, तिथे पॉवर बीआय मागच्या दाराने केव्हा आत येतं ते कळतही नाही. बदलाचं हे एक कारण बाकी सगळ्यांवर भारी पडतं. गुणवत्तेची चर्चा त्यानंतर, निर्णयाला टेकू म्हणून होते.

गुणवत्तेतही टॅब्लो आणि पॉवर बीआय या दोघांचा पिंड वेगळा आहे, आणि तो त्यांच्या जन्मातून आलेला आहे. टॅब्लो स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पोलॅरिस नावाच्या संशोधनातून 2003 मध्ये निघालं. तिथला प्रश्न होता, माणूस आकडे डोळ्याने कसे पाहतो. म्हणून टॅब्लोत तुम्ही रकाना ओढून पडद्यावर टाकता आणि चित्र उमटतं. हिशेब चित्राच्या मागोमाग येतो. पॉवर बीआयची मुळं 2010 च्या पॉवर पिव्होटमध्ये, म्हणजे एक्सेलला जोडलेल्या एका इंजिनात आहेत. तिथे आधी तक्ते नीट मांडा, त्यांची नाती जोडा, डॅक्स भाषेत सूत्र लिहा, मग चित्र काढा. टॅब्लोवरून पॉवर बीआयवर येणारा पहिले काही आठवडे चिडचिड करतो तो बटणं सापडत नाहीत म्हणून नव्हे. विचार करण्याचा क्रम उलटा करावा लागतो म्हणून.

घोडं पेंड खातं ते मात्र सरासरीत.

समजा एका तालुक्यात दोनच मंडळं आहेत. पहिल्याचा सरासरी पाऊस 800 मिलिमीटर, यंदा पडला 400, म्हणजे 50 टक्के. दुसऱ्याचा सरासरी 600, यंदा पडला 600, म्हणजे 100 टक्के. तालुक्याची टक्केवारी किती? टक्क्यांची सरासरी काढली तर 75. एकूण पडलेल्या पावसाला एकूण सरासरी पावसाने भागलं, तर 1000 भागिले 1400, म्हणजे 71.4. कसोटी ‘75 हून कमी’ अशी असेल तर पहिल्या उत्तराने तालुका बाहेर, दुसऱ्याने आत. यात कुठलंही टूल चुकलेलं नाही. जुन्या रिपोर्टमध्ये कोणीतरी कधीतरी यातला एक मार्ग निवडला होता, इतकंच. टॅब्लोत तो निवडलेला मार्ग एका सूत्राच्या पोटात असतो. पॉवर बीआयमध्ये नव्याने येणारा माणूस सवयीने टक्केवारीचा एक वेगळा रकानाच तयार करतो आणि त्याची सरासरी काढतो, कारण एक्सेलने त्याला रकान्यात विचार करायला शिकवलेलं असतं. तिथे रकाना नको, मेझर हवं. रकाना डेटा ताजा करताना एकदाच मोजला जातो. मेझर मात्र पडद्यावर तुम्ही जे निवडलं असेल त्यानुसार दर वेळी नव्याने मोजलं जातं. हा भेद डोक्यात बसला की पॉवर बीआय निम्मं आलं, आणि बसला नाही तर कितीही व्हिडिओ पाहून उपयोग नाही.

यापेक्षा छुपा सापळा रिकाम्या घराचा. पाऊस पडला नाही, तर नोंद शून्य. पर्जन्यमापक बंद होता, तर नोंदच नाही. शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही, सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. टॅब्लोत रिकाम्या घराची शून्याशी तुलना केली तर उत्तर रिकामंच येतं, आणि तो दिवस कोरड्या दिवसांत धरला जात नाही. पॉवर बीआयच्या डॅक्समध्ये साध्या बरोबर-चिन्हाने रिकामं घर शून्याशी ताडलं तर उत्तर ‘हो, बरोबर’ येतं. नको असेल तर दुहेरी चिन्ह वापरावं लागतं. एक्सेलही रिकामं घर शून्याइतकंच मानतं. आता पावसातला खंड मोजायचा आहे असं धरा, सलग 21 कोरडे दिवस. मधल्या चार दिवसांची नोंद यंत्राने पाठवलीच नाही. तर एका टूलमध्ये खंड तुटतो, दुसऱ्यात पूर्ण होतो. महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे मंडळपातळीवरचा पाऊस आता रोजच्या रोज मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्राला बोलता येत नाही. पूर्वी तहसीलच्या आवारातल्या पर्जन्यमापकाजवळ निदान एक माणूस होता, जो वहीत ‘यंत्र नादुरुस्त’ असं लिहू शकत होता.

तिसरी अडचण भागाकारातल्या खालच्या आकड्याची. लोणार तालुक्याच्या सोयाबीनच्या पेऱ्यात बिबी मंडळाचा वाटा किती, असा रिपोर्ट आहे. टॅब्लोत तालुक्याची बेरीज ‘फिक्स्ड’ म्हणून बांधलेली असेल तर वरच्या गाळणीत बिबी निवडलं तरी ती बेरीज हलत नाही, कारण फिक्स्डचा हिशेब साध्या गाळणीच्या आधी होतो. तोच रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये बाळबोधपणे उतरवला आणि बिबी निवडलं, की खालचा आकडाही बिबीचाच होतो आणि वाटा दिसतो 100 टक्के. इतका ढोबळ घोळ लगेच लक्षात येतो. पण काही मंडळं निवडलेली असतील तेव्हा आकडा चुकीचा असूनही पटण्याजोगा दिसतो, आणि असाच आकडा पुढे सादरीकरणात जाऊन बसतो. डॅक्समधल्या कॅल्क्युलेटच्या सूत्रात गाळणी हटवणारं ‘ऑल’ कुठे घालायचं हे ज्याला कळलं त्याने हा टप्पा ओलांडला.

नावांची गोष्ट तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्याचं नावच दोन तऱ्हेने लिहिलं जातं, बुलडाणा आणि बुलढाणा. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला दोन जिल्हे. लोणार तालुक्यात अंजनी खुर्द आहे, मेहकर तालुक्यात अंजनी बुद्रुक. एका खात्याच्या फाईलमध्ये ‘अंजनी खु.’, दुसऱ्यात ‘अंजनी खुर्द’, तिसऱ्यात नुसतंच ‘अंजनी’. एखाद्या गावाच्या नावात ‘ऱ’ असेल तर तो कोणी एका युनिकोड चिन्हाने लिहिलेला, कोणी ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण जोडणीत एक गाव हरवतं. रोमन लिपीत आणखी वेगळी गंमत: पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करण्याचा भाग मोठी-छोटी अक्षरं वेगळी मानतो, आणि पुढे मॉडेलचं इंजिन ती एकच मानतं. एकाच टूलच्या दोन खोल्यांत दोन कायदे! 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा नावावर जोडलेले किती रिपोर्ट रिकामे पडले असतील याची कल्पना करवत नाही. यावर उपाय टूलमध्ये नाहीच. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका, गावाला सांकेतिक क्रमांक आहे. जोडणी त्यावर करायची, नाव फक्त दाखवायला ठेवायचं. टूल बदलण्याच्या निमित्ताने एवढं एक काम पार पडलं तरी खर्च वसूल झाला म्हणावा.

जाता जाता एक तक्रार. यातल्या बहुतेक परदेशी टूलना आपले लाख-कोटी आपणहून येत नाहीत. 12 लाखाचा आकडा पडद्यावर ‘1.2 एम’ होऊन बसतो आणि बैठकीतले निम्मे लोक मनातल्या मनात शून्यं मोजत राहतात. आकड्याचा साचा हाताने लिहून हे जमवता येतं. पण ज्या देशात इतके वापरणारे आहेत त्या देशाला हे जमवून घ्यावं लागावं, हे मला अजून पटलेलं नाही.

आता पुन्हा दुष्काळाकडे, कारण सरकारनेही टूल बदललं आहे आणि ते उदाहरण कंपन्यांच्या उदाहरणांपेक्षा बोलकं आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ ठरायचा तो आणेवारीवर. 1957 मध्ये दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले आणि तीच रीत पैसेवारी म्हणून चालू राहिली. गावातल्या पिकाचं यंदाचं हेक्टरी उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या किती टक्के, हा तिचा गाभा. 50 पैशांच्या खाली आलं की टंचाई. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम आकडा येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली. पहिली कळ पावसाची: तूट, खंड. ती लागू झाली तर दुसरी कळ परिणामांची: उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, पेरणीचं क्षेत्र, धरणांतला आणि जमिनीतला पाणीसाठा. शेवटी निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. राज्याने ही संहिता स्वीकारली आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या मदतीने महा-मदत ही संगणकप्रणाली उभी राहिली. 31 ऑक्टोबर 2018 ला जाहीर झालेले 151 दुष्काळी तालुके याच नव्या रीतीने ठरले.

नवी रीत वेगवान होती, हे मान्य करायलाच हवं. डिसेंबरची वाट पाहावी लागली नाही. पण तिचं एकक तालुका, आणि पाऊस तालुक्याची शीव पाहून पडत नाही. एका कोपऱ्यातल्या मंडळात धो-धो, दुसऱ्यात कोरडं, आणि तालुक्याची सरासरी बरी. म्हणून 2018 मध्ये आठवडाभरातच 268 महसूल मंडळं वेगळ्या, साध्या कसोटीने जोडावी लागली. 2023 मध्ये पुन्हा तेच घडलं, फक्त चौपट मोठ्या संख्येने. अवघड प्रणालीने काढलेलं उत्तर सोप्या दोन अटींनी दुरुस्त करावं लागणं, हा त्या प्रणालीचा पराभव आहे असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. जुन्या रीतीत एक गोष्ट गृहीतच होती: पैसेवारी गावनिहाय निघायची. एकक गाव होतं. नव्या रीतीत निर्देशांक वाढले, उपग्रह आले, पण एकक गावावरून तालुक्यावर गेलं आणि त्या बदलाची चर्चा निर्देशांकांच्या चर्चेइतकी झाली नाही. डॅशबोर्ड हलवताना नेमकं हेच होतं. आलेखांच्या रंगांवर तीन बैठका होतात, आणि ‘एक ओळ म्हणजे नक्की काय’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पैसेवारी आजही जाहीर होते. म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत. ॲनालिस्टच्या भाषेत ही समांतर धाव, फक्त तिला शेवटची तारीख नाही. कंपन्यांतही हे रोग म्हणावा इतकं आढळतं: नवं टूल आलं, जुन्याचा परवाना ‘तूर्त’ ठेवला, आणि दोन वर्षांनी दोन विभाग दोन वेगळे आकडे घेऊन भांडत आहेत. समांतर धाव हवीच, पण तिचा शेवट कोणत्या महिन्यात हे सुरुवातीलाच ठरलेलं हवं.

लोणारच्या माणसाला साधन बदललं की उत्तर बदलतं हे नवीन नाही. आमच्या सरोवराचं वय 1997 मध्ये उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं निघालं. 2011 मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. दहापटीचा फरक! पण दोन्ही शोधनिबंधांत पद्धत, नमुना, संभाव्य चूक सगळं लिहिलेलं आहे, म्हणून दोघांची तुलना करता येते आणि वाद पुढे सरकतो. डॅशबोर्डवरच्या चौकटीत नुसता आकडा असतो, ठळक अक्षरांत, दशांशासह. त्याची पद्धत ती फाईल बनवणाऱ्याच्या डोक्यात, आणि तो मागच्याच वर्षी हिंजवडीतली नोकरी बदलून गेलेला.

शेगाव, अमरावती, छत्रपती संभाजीनगरहून इंजिनिअर होऊन पुण्याची वाट धरणारी आमच्याकडची पोरं विचारतात, “दादा, कोणतं टूल शिकू?” जाहिराती पाहिल्या तर उत्तर सरळ आहे, सध्या पॉवर बीआय. त्याचं डेस्कटॉप फुकट आहे, मात्र ते विंडोजवरच चालतं. टॅब्लो पब्लिकही फुकट, पण त्यावर प्रसिद्ध केलेलं सगळ्या जगाला दिसतं, त्यामुळे कंपनीचा डेटा तिथे नेऊ नये. पैसेच नसतील तर मेटाबेस आणि सुपरसेट ही मुक्तस्रोत टूल आहेत, मात्र ती चालवायला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. माझं उत्तर त्याआधीचं असतं: एसक्यूएल. 1974 मध्ये आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा हायपेरियनच्या आधी होती आणि आजची टूल विकली-बदलली गेल्यावरही असेल. ज्याला ‘ग्रुप बाय’ नीट कळलं, त्याला मेझर आणि फिक्स्ड दोन्ही लवकर कळतात. हल्ली टॅब्लोचं सूत्र कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलं की ती डॅक्स लिहून देते, आणि बरंच नीट देते. फक्त तालुक्याची टक्केवारी 75 हवी की 71.4, हे तिला विचारून उपयोग नाही. ते कृषी अधिकाऱ्याला विचारावं लागतं.

मग बदल करायचाच असेल तर सुरुवात कुठून? जुन्या रिपोर्टची मोजदाद आधी. टॅब्लोची साधी फाईल आत मजकूरच असते, त्यातली सगळी सूत्रं बाहेर काढून एका तक्त्यात मांडता येतात. त्यातले कित्येक रिपोर्ट वर्षभरात कोणी उघडलेलेही नसतात. ते नेऊच नयेत. उरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे मराठीत एक वाक्य लिहावं: हा आकडा कशाला कशाने भागून आला, रिकामी घरं कुठे गेली, एक ओळ म्हणजे दिवस, मंडळ की शेतकरी. हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही तो आकडा जुन्या टूलमध्येही कोणाला कळलेला नव्हता, असं खुशाल समजावं. मग अवघड, पण लहान असा एकच रिपोर्ट दोन्हीकडे बनवून दोन महिने ताडून पाहावा. फरक आला तर तो मिटवण्याची घाई नको. बऱ्याचदा चूक जुन्याची निघते, आणि तेव्हा मागच्या वर्षीचे आकडे बदलल्याचं वरिष्ठांना कोणी सांगायचं, हा तांत्रिक नसलेला प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर काम सुरू करण्याआधी लेखी घेतलेलं बरं.

सगळ्यांनी बदलावं असंही नाही. पाच-सहा मंडळांचा पाऊस, पेरा आणि टँकर यांचा हिशेब एक्सेलमध्ये मजेत राहतो, ओळींची मर्यादा माहीत असली म्हणजे झालं. 2020 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने जुन्या एक्सेल फाईलच्या 65,536 ओळींच्या मर्यादेपायी कोविडच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी काही दिवस गमावल्या होत्या. पण तेवढा डेटा तालुक्याच्या कचेरीत साठत नाही. आणि ज्यांना बदलणं भागच आहे त्यांनी मुहूर्त तेवढा पाहावा: खासगी कंपनी असेल तर मार्चअखेर टाळावी, शेती-पाण्याचे आकडे असतील तर जून ते ऑक्टोबर टाळावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने बरे, तेवढ्यात गेल्या खरिपाचे सगळे आकडे नव्या टूलवर एकदा चालवून पाहता येतात.